राखेतल्या बाईचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे हे लिखित रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



काल रात्री जेवताना एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला विचारले, "उद्या तू कशावर बोलणार आहेस?" मी म्हटले, "अवतारच्या तिसऱ्या भागावर. त्या निळ्या माणसांच्या." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथं पोटगीचे दावे वर्षानुवर्षं पडून आहेत आणि तू आम्हाला निळी माणसं दाखवणार?" त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. मीही हा चित्रपट आपणहून पाहायला गेले नव्हते. वस्तीतल्या आमच्या किशोरी गटातल्या मुलींनी हट्ट धरला होता. दुपारचा स्वस्तातला खेळ, हिंदीत डब केलेला, डोळ्यांवर तो जाड काळा चष्मा आणि सव्वातीन तासांची लांबी. मध्यंतरापर्यंत मी मनात दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची तयारी करत होते.

पण बाहेर पडल्यावर बसथांब्यावर मुलींचे जे भांडण जुंपले, त्याने मला त्या चित्रपटाकडे परत वळायला लावले. ते भांडण सांगण्यापूर्वी, ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते.

पँडोरा नावाचा एक दूरचा उपग्रह आहे. तिथे नावी नावाचे उंच, निळे, शेपटी असलेले लोक राहतात. त्यांची अनेक कुळे आहेत, कोणी जंगलातले, कोणी समुद्राकाठचे. एय्वा ही त्यांची आदिमाता. झाडे, प्राणी, माणसे, मेलेले पूर्वज, सगळे तिच्याशी जोडलेले. पृथ्वीवरची माणसे तिथे खाणीसाठी जातात आणि जंगल उखडू लागतात. २००९ साली आलेल्या पहिल्या भागात जेक सली हा पृथ्वीवरचा अपंग माजी सैनिक नावीच्या शरीरात वावरू लागतो, बाजू बदलतो आणि नेयतिरी या नावी स्त्रीशी संसार थाटतो. २०२२ सालच्या दुसऱ्या भागात माणसे परत येतात. जेकचे कुटुंब जंगल सोडून समुद्राकाठच्या मेटकायिना कुळाकडे आसऱ्याला जाते आणि तिथल्या लढाईत त्यांचा थोरला मुलगा मारला जातो. तिसरा भाग, 'फायर अँड ॲश', म्हणजे 'आग आणि राख', १९ डिसेंबर २०२५ रोजी आला. तो या मुलाच्या सुतकातून सुरू होतो.

दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी या भागात एक नवे कुळ आणले आहे. त्याचे नाव मांगक्वान, राखेचे लोक. ज्वालामुखीच्या उद्रेकात त्यांचे गाव, झाडे, सगळे जळून गेले. त्यांनी एय्वाचा धावा केला. एय्वा आली नाही. तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि आगीलाच आपले मानले. आता हे लोक इतर नावी कुळांवर धाडी घालतात. त्यांची पुढारी एक स्त्री आहे, वरांग. इतर कुळांत लढाईचा प्रमुख बहुधा पुरुष आणि देवकार्य पाहणारी स्त्री अशी वाटणी दिसते. इथे दोन्ही सूत्रे वरांगच्या हातात आहेत.

आता मुलींचे भांडण. एक दहावीतली मुलगी म्हणाली, "ताई, ती राखवाली चुकली कुठं? तिचं घर जळत होतं तेव्हा देवी आलीच नाही की." दुसरी ताडकन म्हणाली, "म्हणून काय दुसऱ्यांची घरं जाळायची?" तिसरी म्हणाली, "तिला कुणी विचारलं तरी का, तुझं काय झालं म्हणून?" बस आली, बसमध्येही भांडण चालूच राहिले. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगा कोण बरोबर." मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आज तुमच्यासमोर जे बोलणार आहे, ते त्या तिघींना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आधी पहिल्या भागाबद्दल एक गोष्ट. त्यातले नावी सगळे चांगले होते. निसर्गाशी एकरूप, निरागस, एकमेकांसाठी जीव देणारे. वाईटपणा सगळा बाहेरून आलेला. जगभरच्या प्रेक्षकांना ही मांडणी आवडली, कारण ती सोपी आहे. आपल्या देशाशी तिचा एक प्रत्यक्ष संबंधही आला. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर डोंगरिया कोंध आदिवासींचा बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध लढा चालू होता. फेब्रुवारी २०१० मध्ये सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या संस्थेने अमेरिकेतल्या 'व्हरायटी' या चित्रपटविषयक नियतकालिकात जाहिरात देऊन कॅमेरॉन यांना आवाहन केले, की तुमची कल्पित कथा इथे खरी घडते आहे, या लोकांच्या मदतीला या. त्या जाहिरातीने लढ्याकडे जगाचे लक्ष गेले, हे चांगलेच झाले. पण कोंध लोक जिंकले ते नावींसारखे दिसतात म्हणून नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला काही अधिकार दिलेले होते. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि त्या वर्षी बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. म्हणजे तिथे हक्क निर्णायक ठरला, निरागसपणा नाही. त्या बारा गावांत दारू पिणारा, बायकोला मारणारा एकही पुरुष नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तसे असते तरी आणि नसते तरी डोंगर त्यांचाच होता.

हा मुद्दा मी मुद्दाम आधी मांडते आहे. सहानुभूतीच्या मागे पुष्कळदा एक अट लपलेली असते. ज्याच्यावर अन्याय झाला तो चांगला असला पाहिजे, निदान आपल्याला चांगला दिसला पाहिजे. अन्यायग्रस्त स्त्रीला ही अट दुप्पट लागू होते. ती सोशिक हवी, रडणारी हवी, खोटे न बोलणारी, कोणावर हात न उगारलेली हवी. पोलीस ठाण्यात, कोर्टात, नातेवाइकांत ही अट घातली जाते आणि आपण तिच्याशी भांडतो. पण आपल्या स्वतःच्या टेबलाच्या आत ती कुठे बसलेली आहे का, हे मला या चित्रपटामुळे तपासावेसे वाटले.

त्यासाठी दुसऱ्या भागातली एक उपकथा आठवावी लागेल. समुद्रात तुलकुन नावाचे देवमाशांसारखे प्राणी आहेत, बुद्धिमान, बोलणारे, गाणी रचणारे. पृथ्वीवरचे शिकारी त्यांच्या मेंदूतला एक द्रव काढतात, कारण त्याने माणसाचे म्हातारपण थांबते. शिकारीसाठी ते पिल्लू असलेली आई निवडतात, कारण पिल्लू बरोबर असताना आईला वेगाने पळता येत नाही. (या प्रसंगाला आमच्या मुली अगदी गप्प झाल्या होत्या, त्यांनी तो भाग मोबाइलवर पाहिला होता.) तुलकुनांचा एक नियम आहे, हत्या करायची नाही, कोणत्याही कारणासाठी नाही. पायाकान नावाच्या एका तरुण तुलकुनची आई शिकाऱ्यांनी मारली. तो काही सोबत्यांना घेऊन शिकाऱ्यांवर चालून गेला. सोबती मेले. त्याच्या समाजाने त्याला बहिष्कृत केले. समुद्राकाठची नावी कुळेही त्याला खुनी समजतात.

तो नियम वाईट नाही. हिंसेचे चक्र थांबवण्यासाठीच तो केलेला आहे. पण तो लागू कोणावर झाला, तर ज्याची आई मारली गेली त्याच्यावर. शिकारी त्या नियमाच्या बाहेरच होते. आपल्याकडच्या समाजपंचायतींचे निवाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. बहिष्कार बहुधा दुखावलेल्यालाच भोगावा लागतो, कारण तोच हाताशी असतो.

पायाकानचे नशीब हे, की जेकचा धाकटा मुलगा लोआक त्याच्यापर्यंत पोचतो. त्याच्या पंखात घुसलेला भाला काढतो. मग त्याच्याशी जोडला जातो आणि त्याच्या आठवणीतून काय घडले ते पाहतो. लोआक त्याला निर्दोष ठरवत नाही. तो फक्त आधी ऐकतो. त्यानंतर पायाकान कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे तुम्ही ओळखू शकाल.

आता वरांगकडे येऊ. तिचीही जखम तशीच आहे, किंबहुना जास्त खोल, कारण तिच्या सगळ्या कुळाचे घर गेले आणि ज्या आईवर विश्वास होता ती आई गप्प राहिली. तिच्यापर्यंत कोण पोचले? इतर नावी कुळांपैकी कोणी तिच्याकडे गेल्याचे चित्रपटात दिसत नाही. तिच्याकडे जातो तो क्वारिच, खाणवाल्यांचा सेनाधिकारी. तो तिला समजून घेतो, निदान तसे दाखवतो. तिच्या रागाला नाक मुरडत नाही. आणि मग तिला तो बंदुका देतो, आग ओकणारी शस्त्रे देतो. त्या बंदुका चालतात नावींवर. खाण आणि शिकार कोणाच्या फायद्याची, हा प्रश्न त्या धुरात दिसेनासा होतो.

माझ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. दुखावलेल्या माणसाचे ऐकायला पहिले कोण पोचते आणि कोणती अट घालून पोचते, यावर पुढचे बरेच काही ठरते. आपण 'आधी निष्पाप हो, मग ऐकू' असे म्हणालो, तर क्वारिचला काहीच अडचण नसते. त्याची अट वेगळी असते आणि ती तो नंतर सांगतो.

हे केवळ पडद्यावरचे नाही. २००५ साली छत्तीसगडच्या दंतेवाडा भागात सलवा जुडूम सुरू झाले. नक्षलवाद्यांच्या विरोधातले लोकांचे उत्स्फूर्त आंदोलन असे त्याचे वर्णन केले गेले. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून हाती बंदुका दिल्या गेल्या. त्यांत नक्षलवाद्यांच्या हिंसेने दुखावलेले होते, बेकार होते, सूड घ्यायचा होता असेही होते. बंदुका चालल्या त्या त्यांच्याच शेजारच्या गावांवर. गावे जळाली, ओस पडली, माणसे छावण्यांत गेली, बायकांवर अत्याचार झाले. समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर आणि इतरांच्या याचिकेवर ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरुणांना हत्यारे देणे घटनाबाह्य ठरवले. न्यायालयाच्या विवेचनात या तरुणांचे तुटपुंजे शिक्षण, त्यांचा राग आणि जिवाला असलेला धोका यांचा विचार आहे. त्यांनी जे केले त्याचे समर्थन त्यात नाही, पण त्यांना वापरणाऱ्याकडे बोट मात्र स्पष्ट आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात, हे मला त्या निकालातून शिकायला मिळाले.

आणि हे फक्त जंगलातलेही नाही. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत बायका सामील झाल्या, घोषणा देत रस्त्यावर उतरल्या, शेजारणींविरुद्ध उभ्या राहिल्या. तेव्हा चळवळीतल्या अनेकींना धक्का बसला होता. 'आपण सगळ्या बहिणी' हे गाणे मोर्चात म्हणताना पुष्कळजणींचा आवाज अडला, असे ज्येष्ठ मैत्रिणींनी आम्हाला शिबिरांतून सांगितले आहे. १९९५ साली तनिका सरकार आणि उर्वशी बुटालिया यांनी संपादित केलेले 'विमेन अँड द हिंदू राइट' हे पुस्तक त्याच अस्वस्थतेतून आले. पुढे अत्रेयी सेन यांनी मुंबईच्या वस्तीतल्या शिवसेनेच्या बायकांमध्ये राहून अभ्यास केला. त्यांचे पुस्तक २००७ साली आले. त्यातून दिसते ते हे, की या बायकांच्या आयुष्यात असुरक्षितता होती, कामाची वणवण होती, घरात आणि रस्त्यात मानहानी होती. संघटनेने त्यांना घोळका दिला, वचक दिला, घराबाहेर पडायला कारण दिले. तिने त्यांना निष्पाप असण्याची अट घातली नाही. नंतरची किंमत शेजारच्या मुसलमान बाईने मोजली.

म्हणून 'बायका अशा कशा वागू शकतात?' हा प्रश्न मी आता विचारत नाही. त्यांच्या दाराशी आपण कधी गेलो होतो, असे विचारते. याचा अर्थ त्यांना माफ करायचे असा नाही. बसथांब्यावरच्या दुसऱ्या मुलीचे म्हणणे विसरून चालणार नाही. दुसऱ्यांची घरे जाळायची नाहीत. जखम हे कारण असू शकते, परवाना नाही.

आता थोडे स्वतःविषयी बोलते, कारण ते टाळले तर हे भाषण दुसऱ्यांना उपदेश करणारे होईल.

काही वर्षांपूर्वी मी ज्या सल्ला केंद्रात काम करत होते, तिथे एक पन्नाशीची बाई आली. मुलगा मारतो, घरातून काढायला बघतो, असे तिचे म्हणणे. हातावर वळ होते. मी तिला ओळखले. त्याआधी तिची सून आमच्याकडे येऊन गेली होती. त्या नोंदीत सासूचे नाव होते. उपाशी ठेवणे, माहेरून पैसे आणायला लावणे, नवऱ्याला चिथावणे, सगळे होते. सून तेव्हा माहेरी निघून गेली होती. मी बाईंना बसायला सांगितले, पाणी दिले, अर्ज लिहून घेतला. वरकरणी काहीच चुकले नाही. पण मनात म्हणाले, 'आता कळलं का?' आणि तिचा अर्ज मी फायलींच्या ढिगात खाली सरकवला. दुसरी कामे तातडीची आहेत असे स्वतःला सांगितले. तीन आठवडे गेले. ती परत आलीच नाही. मग मी तिच्या घरी गेले तेव्हा शेजारणीने सांगितले, की तिच्या भावकीतल्या पुरुषांनी बैठक घेऊन 'तोडगा' काढला आहे. बाईने घर मुलाच्या नावावर करून द्यायचे आणि मागच्या खोलीत राहायचे. तिने अंगठा दिला होता. तिच्यापर्यंत मी पोचण्याआधी ते पोचले होते.

हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझा आहे. समाजकार्याच्या पदवीत आम्हाला शिकवले होते, की समोरच्या व्यक्तीविषयी निवाडा करून बसायचे नाही. परीक्षेत त्याचे उत्तर मी चांगले लिहिले होते.

कायद्याच्या बाजूनेही हा गुंता सुटलेला नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात प्रतिवादी 'प्रौढ पुरुष' असावा असे शब्द होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'प्रौढ' आणि 'पुरुष' हे शब्द रद्द केले. आता बाईविरुद्धही थेट दाद मागता येते. आपल्यापैकी काहींना हे योग्य वाटते, कारण छळ करणारी सासू-नणंद कायद्याच्या कक्षेत आली. काहींना भीती वाटते, की याच वाटेने सासरचे लोक सुनेविरुद्धच अर्ज टाकतील. दोन्ही बाजूंना आधार आहे. माझे म्हणणे इतकेच, की 'स्त्री म्हणजे पीडित आणि पुरुष म्हणजे पीडक' या रेषेवर आपण पूर्वी जे सोपे काम करत होतो, ते आता पुरणार नाही. एकच बाई एका अर्जात पीडित आणि दुसऱ्या अर्जात पीडक असेल. दोन्ही फायली उघड्या ठेवाव्या लागतील आणि एक दुसरीखाली सरकवता येणार नाही.

चित्रपटात याच गुंत्याचा सर्वांत कठीण प्रसंग वरांगचा नाही, तो नेयतिरीचा आणि जेकचा आहे. त्यांच्या घरात स्पायडर नावाचा माणसाचा मुलगा वाढला आहे, त्याच क्वारिचच्या रक्ताचा. दुसऱ्या भागाच्या शेवटी नेयतिरीने याच मुलाच्या गळ्याशी सुरी धरली होती, स्वतःची मुलगी सोडवण्यासाठी. मुलाच्या मरणानंतर तिला माणसाचा वाससुद्धा सहन होत नाही आणि हा पोरगा समोर वावरतो. तिसऱ्या भागात स्पायडरला पँडोराच्या हवेत मुखवट्याशिवाय श्वास घेता येऊ लागतो. त्याच्या शरीरातले हे गुपित खाणवाल्यांच्या हाती लागले तर सगळी माणसे इथे कायमची वस्ती करतील. म्हणजे नावींचा अंत. तेव्हा प्रश्न उभा राहतो, की सगळ्यांना वाचवायचे तर या एका मुलाला मारावे का? आणि जेक त्याला घेऊन जंगलात जातो. सुरी हातात असते.

हात शेवटी थांबतो. पण चित्रपटगृहात आमच्या ओळीत श्वास अडकला होता. मी त्या अंधारात विचार करत होते, की कुळाच्या भल्यासाठी एकाचा बळी, ही भाषा आपण कुठे ऐकली आहे? घराण्याच्या अब्रूसाठी मुलीचे शिक्षण, भावाच्या कर्जासाठी बहिणीचे दागिने, जातीच्या नाकासाठी पळून गेलेल्या पोरीचा जीव. आणि अगदी आपल्यातही, 'चळवळीची बदनामी नको, तू तक्रार सध्या थांबव' असे एखाद्या कार्यकर्तीला सांगितलेले. हे सांगणारे सगळे दुष्ट नसतात. जेकसारखे ते प्रेम करणारे असतात, त्यांना खरेच कुळ वाचवायचे असते. म्हणूनच त्यांच्या हातातली सुरी दिसायला वेळ लागतो. ज्या कुळाला वाचण्यासाठी स्वतःच्या घरातले सर्वांत बिनहक्काचे लेकरू द्यावे लागते, त्या कुळात उद्या कोणाची पाळी येईल हे प्रत्येकाने मोजत बसावे लागते.

माझी या चित्रपटाविषयी तक्रारही आहे. वरांग ऊना चॅप्लिन या अभिनेत्रीने ताकदीने उभी केली आहे, पण पटकथेने तिला पुरेसा वेळ दिलेला नाही. तिची कहाणी मोजक्या वाक्यांत उरकते. क्वारिचबरोबरच्या तिच्या जवळिकीवर मात्र कॅमेरा रेंगाळतो. रागावलेली, सत्ता हातात असलेली बाई दाखवायची म्हणजे ती मोहिनी किंवा चेटकीण दाखवायची, ही सवय कोट्यवधींच्या खर्चातही सुटलेली नाही. आदिवासी समाजांकडूनही या मालिकेवर टीका झालेली आहे. दुसऱ्या भागाच्या वेळी अमेरिकेतल्या काही आदिवासी कार्यकर्त्यांनी बहिष्काराची हाक दिली होती. आमच्या संस्कृतीचे तुकडे उचलता आणि गोष्टीचा नायक मात्र बाहेरून आलेला गोरा माणूस ठेवता, असा त्यांचा आक्षेप होता. तो मला पटतो. तिसऱ्या भागात नावी एकसारखे चांगले राहिले नाहीत, ही एक पायरी पुढे आहे. पण वाईट ठरलेल्या कुळाला बोलण्याची जागा द्यायची पायरी अजून चढायची आहे.

ती आपण आपल्या कामात चढू शकतो. त्यासाठी मी तीन साध्या गोष्टी सुचवते आणि त्यांवर गटांत बोलावे अशी विनंती करते.

एक, आपल्या केंद्रांतल्या मागच्या वर्षभराच्या नोंदी काढून पाहूया. कोणत्या बायका एकदाच आल्या आणि परत आल्या नाहीत? त्यांपैकी किती जणी आपल्याला 'चांगल्या' वाटल्या नव्हत्या? दारू विकणाऱ्या, सवत म्हणून राहणाऱ्या, पोरींना मारणाऱ्या, शिवराळ, खोटे बोललेल्या?

दोन, एकाच घरातल्या दोन बायकांचे अर्ज आले तर दोघींसाठी दोन वेगळ्या कार्यकर्त्या नेमूया. एकीचे ऐकताना दुसरीचा राग मध्ये येऊ नये म्हणून. हे मनुष्यबळ कुठून आणायचे हा प्रश्न आहेच, पण तो प्रश्न म्हणून तरी टेबलावर येऊ दे.

तीन, ज्या वस्त्यांत तणाव होऊन गेले आहेत तिथल्या, आपल्याला न आवडणाऱ्या संघटनांत गेलेल्या बायकांशी बोलायला कोण जाणार, हे ठरवूया. त्यांना पटवायला नव्हे. 'तुझं काय झालं' एवढे विचारायला.

बसमधल्या त्या तिघींकडे मी गेल्या आठवड्यात परत गेले. म्हटले, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देते. पहिलीचे खरे, देवी आली नाही. दुसरीचेही खरे, दुसऱ्यांची घरे जाळायची नाहीत. पण कामाची सुरुवात तिसरीच्या प्रश्नापासून करायची. पहिलीला हे फारसे पटले नाही. ती म्हणाली, "ताई, विचारायला गेलात आणि तिनं तुमचंच घर जाळलं तर?"

याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही. इथे बसलेल्या कितीतरी जणी दंगलीनंतर वस्त्यांत गेलेल्या आहेत, दारातून परत पाठवल्या गेलेल्या आहेत, दगड खाल्लेल्या आहेत आणि तरी पुन्हा गेलेल्या आहेत. तुम्ही कशा गेलात, हे त्या मुलीला सांगता येईल अशा शब्दांत आम्हाला सांगा. माझे बोलणे मी इथे थांबवते.